फुलकोबीच्या गड्ड्यावर पानांची झूल

डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मालकांना विचारलं, "बाबा, ह्या कोण? ह्यांचं नाव सांगा बरं मला."

मालकांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. नवीन गिऱ्हाइकाकडे बघावं तसं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळे मिटून घेतले.

त्याआधी बाईंनी दोन गोष्टी विचारल्या होत्या. आज काय आहे, तर मालक म्हणाले, अष्टमी. घट नुकते बसलेले, अष्टमी कुठली. देशाचा पंतप्रधान कोण, याला ते काहीच बोलले नाहीत. ते मी मनावर घेतलं नाही. त्या वर्षांत पंतप्रधान इतके पटापट बदलत होते की मला विचारलं असतं तर मीही भिंतीकडेच बघितलं असतं. पण मी? ज्या बाईनं याच्या घरात तीन पोरं काढली, सासू सांभाळली, मळ्यात पाणी धरलं, तिला बघून हा माणूस तोंड फिरवतो?

मी रडणारी बाई नाही, रडून काही निघत नाही. खाटेचा दांडा धरून उभी राहिले.

बाईंनी मला बाजूला नेलं. वयानं माझ्या धाकटीएवढ्या असतील, पण समजावून सांगत होत्या. डोक्याचा फोटो काढलाय, आत रक्त साकळलंय. आपोआप जिरलं तर चांगलंच. पण माणूस घरच्यांना ओळखत नसेल तर आतला दाब वाढतोय असं धरावं लागेल. संध्याकाळच्या फेरीला परत बघू. तेव्हाही असंच असलं तर कवटीला भोक पाडून ते रक्त काढावं लागेल.

मी विचारलं, काढल्यावर माणूस पहिल्यासारखा होतो का. त्या म्हणाल्या, बऱ्याच वेळा होतो. 'बऱ्याच वेळा' म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, ते बरं केलं. पण भोपळा एकदा चिरला की परत वेलीला लावता येत नाही, एवढं मला कळतं.

"तोपर्यंत बोलत राहा त्यांच्याशी, मावशी," त्या म्हणाल्या. "घरचं, मळ्यातलं, जुनं काहीतरी सांगा. कशानं तरी आठवेल."

आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

मालक म्हणजे माझा नवरा. आम्ही माळी. नाशिकच्या वेशीला लागून आमचा मळा आहे. आता भोवतीनं इमारती आल्यात, तेव्हा मळेच मळे होते. भाजी आणि फुलं, हाच धंदा. फ्लॉवर, भेंडी, मेथी, आणि दसऱ्याला धरून झेंडू. सगळं जग दिवाळीची वाट बघतं, आम्ही अष्टमी-नवमीची वाट बघतो, कारण झेंडूची खरी तोड तेव्हा असते. मालकांच्या डोक्यात श्रावणापासून अष्टमीच चालू असायची. बाईंना दिलेलं उत्तर चुकीचं होतं, पण ते कुठून आलं ते मला कळलं होतं. त्यानं धीर यायला पाहिजे होता. आला नाही. अष्टमी आठवते आणि बायको आठवत नाही, यात धीर कसला?

पडले कसे, तेही सांगते. टेम्पोत माल भरला की मालक ड्रायव्हरजवळ बसत नसत. मालाच्या वर, क्रेटवर, मागे तोंड करून बसत. का, तर रस्त्यात एखादा क्रेट सुटून पडला तर ध्यानात यावं. पुढे बघणारा माणूस मागचं काय बघणार, असं त्यांचं म्हणणं. पोरगा अंबडला कंपनीत कामाला होता. त्यानं किती वेळा सांगितलं की दोरी आवळून बांधली की माल पडत नसतो. पण ऐकेल तर तो माणूस कसला. त्या सकाळी मार्केट यार्डाच्या अलीकडे टेम्पो खड्ड्यात आदळला. क्रेट एकही पडला नाही. मालक पडले.

ड्रायव्हरला यार्डात पोचल्यावर कळलं. तो म्हणाला, उतरवायला हाक मारली तर वर कोणीच नाही. तोवर रस्त्यावरच्या लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात आणलं होतं. तिथं काउंटरवरच्या माणसानं मला विचारलं, पेशंटचं नाव काय. मी पोराला पुढे ढकललं. पोरगा सांगून औषधं आणायला पळाला. सून घरी होती. घटाजवळचा दिवा अखंड ठेवायचा असतो, त्याला कोणीतरी लागतं. म्हणून खाटेजवळ मी एकटी होते.

आता बोलायचं काय? आमच्यात बोलणं असायचं ते पाण्याच्या पाळीचं, खताचं, कोणत्या वाफ्यात मावा पडला त्याचं. बसून गप्पा मारणारी जोडपी वेगळी. मी खाटेच्या कडेला बसले आणि जे आलं ते सुरू केलं. पहिल्यांदा रागावूनच.

"अहो," म्हटलं, "मागे तोंड करून बसलात, आता तसेच पडलात. ऐकता का?"

ऐकत नव्हते.

मग मी बुजगावण्याचं सांगितलं. आमचं लग्न होऊन थोडे दिवस झाले होते. बाजरीला पाखरं लागली म्हणून मालकांनी बुजगावणं केलं. त्यांचं काम नेहमी गरजेपेक्षा जास्त. जुनं धोतर, स्वतःचा सदरा, स्वतःची टोपी, शिवाय हातात काठी धरायची त्यांची जी ढब होती, तीसुद्धा जमवली. सासूबाईंना डोळ्यानं कमी दिसायचं. दुपारी त्या बांधावर उभ्या राहून जेवायला हाका मारायला लागल्या. बुजगावणं हलेना. सासूबाई आणखी मोठ्यानं ओरडल्या. मग शिव्या दिल्या. मग परत येऊन मला म्हणाल्या, लग्न झाल्यापासून पोरगं आईला उत्तर देईनासं झालं, तू त्याचे कान भरलेस. मालक तेव्हा माझ्यासमोर बसून भाकरी खात होते. ते त्यांनी सासूबाईंना सांगितलं नाही. भाकरी घेऊन मागच्या दारानं गेले, बांधावरून फिरून परत आले आणि म्हणाले, आई, हाक मारलीस का.

शेजारच्या खाटेवर हरसूलकडचा एक माणूस होता, झाडावरून पडून पाय मोडलेला. त्याची बायको खाली पाय पसरून बसली होती. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी मालकांकडे बघितलं. ओठ हलल्यासारखा वाटला. वाकून बघितलं तर माशी बसली होती.

माशी हाकलली आणि पुढचं सांगितलं. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात आम्ही दोघं भाजी घेऊन बसायचो. भेंडी घेणाऱ्या बाया कोवळी आहे का बघायला तिचं टोक मोडून बघतात. जगभर तसंच घेतात. मालकांना ते खपत नसे. टोक मोडलेली भेंडी कोण घेणार, म्हणायचे. एकदा चांगल्या घरची एक बाई भेंडीमागून भेंडी मोडत बसली. मालकांनी थोडा वेळ बघितलं. मग तिला शांतपणे विचारलं, ताई, तुमच्या कानाचं टोक मोडून बघू का, कोवळं आहे का? ती बाई तिथं जे ओरडली ते अख्ख्या बाजारानं ऐकलं. दोन पोलीस आले. मालक पोलिसांना भेंड्या दाखवत बसले, ही बघा, ही बघा. पोलिसांनीच शेवटी त्या भेंड्या नेल्या. पुढच्या बुधवारी तीच बाई परत आली आणि भेंडी न मोडता घेऊन गेली. नंतर कायमचं गिऱ्हाईक झाली, कारण तिच्या लक्षात आलं की मालकांकडे सगळीच कोवळी असते. जून भेंडी ते बाजारात आणतच नसत, घरी मला देत. माझी अर्धी हयात जून भेंडी शिजवण्यात गेली.

"मंग, मावशे?" हरसूलची बाई म्हणाली. "पुढं सांग ना."

मी काही तिच्यासाठी सांगत नव्हते. पण ऐकणारं कोणी असलं की बोलणं सोपं जातं, हेही खरं. तिचा नवराही कान देऊन होता. पलीकडच्या एक-दोन खाटांवरची माणसं कुशीवर वळली होती.

फोनचं सांगितलं. आमच्याकडे फोन आला तेव्हा मालक त्याच्याशी भांडल्यासारखे बोलत. ओरडत, ते तर तेव्हा सगळेच ओरडायचे. पण मालक आधी दिशा धरायचे. बहिणीचा इगतपुरीहून फोन आला की मावळतीकडे तोंड करून उभे राहत, पोराचा अंबडहून आला की दक्षिणेकडे. एकदा पोरानं बाहेरगावाहून फोन केला, तर बोलायच्या आधी म्हणतात, थांब, तू कुठं आहेस ते सांग. तार अंगाला गुंडाळत गुंडाळत मालक पुरते फिरायचे आणि शेवटी फोन फळीवरून खाली यायचा. फोनला दिशा लागत नाही म्हणून पोरानं सांगितलं. मालक म्हणाले, लागत नसेल, पण त्या माणसाकडे पाठ करून कसं बोलायचं.

हे सांगताना मला स्वतःलाच हसू आलं, आणि त्याच वेळी समोर मालक माझ्याकडे पाठ करून पडलेले. हसू तिथंच थांबलं.

खिडकीतलं ऊन सरकत चाललं होतं. संध्याकाळची फेरी जवळ येत होती. मी बोलत होते आणि डोळा सारखा दाराकडे होता.

तेवढ्यात आक्का आली. आक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण, इगतपुरीला दिलेली. तिचे यजमान रेल्वेत. इकडे पाऊस ओसरला तरी इगतपुरीला असतोच, म्हणून ती गळकी छत्री घेऊन वॉर्डात शिरली. नवरात्रात ती चप्पल घालत नसे. दारातल्या नर्सनं तिला अनवाणी आत येऊ नका म्हणून हटकलं. आक्कानं तिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण ती नर्स नंतर आमच्या बाजूला फिरकली नाही. भावाच्या डोक्याची पट्टी बघून आक्कानं मोठ्यानं गळा काढला. मी म्हटलं, आक्का, माणूस जिवंत आहे, आधी बसा. ती लगेच गप्प बसली. तिचं रडणं असंच, नळासारखं, फिरवला की बंद.

मी तिला सगळं सांगितलं. टेम्पोचं, रक्ताचं, भोक पाडण्याचं. बाईंनी माझ्यावर हात ठेवून हिचं नाव काय म्हणून विचारलं आणि यांनी तोंड फिरवलं, तेही सांगितलं.

आक्का माझ्याकडे बघत राहिली.

"येडे," ती म्हणाली, "त्यानं तुझं नाव कधी घेतलंय का गं?"

कधीच नव्हतं घेतलं. आमच्या पिढीत बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्यानं बायकोचं घ्यायचं नाही, हे कोणी सांगत नाही, पण तेही तसंच असतं. मला ते 'अगं' म्हणायचे. लांब असले तर 'ऐकलं का'. पोरांना सांगायचं असलं तर 'तुझ्या आईला सांग'. एकदा मतदार यादीवाला दारात आला आणि त्यानं मालकांना बायकोचं नाव विचारलं. मालक म्हणाले, आहे घरात. तो म्हणाला, असेल हो, पण नाव काय? मालक म्हणाले, बसा. आणि उठून शेजारच्या मळ्यात गेले, तिथल्या वहिनींना घेऊन आले, आणि म्हणाले, यांना विचारा. मीही काही कमी नव्हते. बाजारात कोणी मालकांचं नाव विचारलं की क्रेटवर लाल रंगानं लिहिलेलं असे, त्यावर बोट ठेवायची. आज सकाळी काउंटरवर पोराला ढकललं ते दुसरं काय होतं?

आणि एवढं सगळं माहीत असून, सकाळपासून मी तिथं बसून त्या माणसाला बुजगावण्याच्या गोष्टी सांगत होते. भीतीनं माणसाचं डोकं जातं, त्यासाठी टेम्पोवरून पडावं लागत नाही.

"पण आक्का," मी म्हटलं, "आठवतच नसेल तर? घ्यायचं नाही म्हणून गप्प आहेत का आठवत नाही म्हणून, हे कसं कळणार?"

आक्कानं छत्री कोपऱ्यात उभी केली. "कळल," म्हणाली. "त्या बाईला येऊ दे."

आता लग्नातलं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

नवी नवरी घरी आली की नवऱ्याची बहीण दार अडवते. दोघांनी उखाण्यात नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाही. आक्कानं दार अडवलं. मी माझा उखाणा खडखडा म्हटला. मालकांना आक्कानंच एक पाठ करून दिला होता, लग्नाच्या आधी आठ दिवस घोकून घेतला होता. दारात सगळं गाव जमलेलं. मालकांनी सुरू केलं, "फुलकोबीच्या गड्ड्यावर पानांची झूल..." एरवी आम्ही फ्लॉवर म्हणतो, पण उखाण्यात फुलकोबी. झूल म्हणाले आणि पुढचं गेलं. तोंड उघडं, डोळे वर, घाम फुटलेला. लोक वाट बघतायत. आक्का खुणा करतेय. मग मालकांनी एकदम माझं नाव घेतलं. नुसतंच. मागे नाही, पुढे नाही, बाजारात हाक मारावी तसं. आणि आक्काच्या हाताखालून वाकून घरात घुसले. मी बाहेरच. सगळं गाव हसून लोळलं. पुढे किती वर्षं लोक त्यांना रस्त्यात थांबवून विचारायचे, काय राव, झूल कुठवर आली? तेव्हापासून माझं नाव त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं.

बाई फेरीला आल्या तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. आक्कानं त्यांना सांगितलं, मॅडम, तुम्ही बसा, विचारायचं ते मी विचारते. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरं करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्या खरोखरच स्टुलावर बसल्या. चहाचा घोट द्यायला चालेल का, आक्कानं विचारलं. बाई म्हणाल्या, चमच्यानं द्या.

आक्का चहाचा ग्लास घेऊन मालकांच्या तोंडासमोर, भिंतीच्या बाजूनं जाऊन उभी राहिली. वास नाकाशी जाईल असा ग्लास धरला. मालकांचे डोळे उघडले. चहाच्या बाबतीत ते पहिल्यापासून तसेच.

"भाऊ," ती म्हणाली, "दार अडवलंय. नाव घे, मंग चहा."

मालक तिच्याकडे बघत राहिले. मग ग्लासाकडे. हरसूलची बाई उठून उभी राहिली होती.

"फुलकोबीच्या..." मालक म्हणाले. आवाज जड होता, जीभ अडखळत होती. "फुलकोबीच्या गड्ड्यावर... पानांची झूल."

आणि थांबले.

तोंड उघडं. डोळे वर.

बाई पुढे झुकून हळूच म्हणाल्या, "हं बाबा, पुढे?" त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती. त्यांना वाटलं, आठवण अर्ध्यावर तुटली. मी आणि आक्का एकमेकींकडे बघत होतो. आक्कानं माझं मनगट इतकं आवळलं की एक बांगडी वाढली. आम्हाला दोघींनाच माहीत होतं की तो माणूस बरोबर त्याच जागी येऊन उभा राहिलाय. अजून एकच गोष्ट व्हायची राहिली होती.

मालकांनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं. आणि माझं नाव घेतलं. नुसतंच, मागे नाही, पुढे नाही.

मग आक्काला म्हणाले, "आण आता."

मी खाली बसले. स्टुलावर बाई होत्या म्हणून फरशीवरच बसले. आक्का एकीकडे चहा पाजत होती आणि एकीकडे नळ सोडल्यासारखी रडत होती, आणि या वेळी मी तिला थांबवलं नाही. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, नाव लय चांगलं हाय. हरसूलच्या बाईनं विचारलं, मावशे, उखाणा पुरा का नाय केला?

बाईंनाही तेच विचारायचं होतं. आम्ही दोघींनी एकदम बोलून त्यांना सगळं समजावलं. नाव न घ्यायचं, दार अडवायचं, लग्नातलं. त्या ऐकत होत्या, मधे मधे मालकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होत्या, बोटं आवळायला सांगत होत्या. मालक आवळत होते.

"पण उखाणा तर ते विसरलेच ना?" बाई म्हणाल्या.

"विसरायलाच पायजे, मॅडम," आक्का म्हणाली. "सगळा म्हटला असता तर मी सांगितलं असतं, हा आमचा नव्हं."

बाई हसल्या. मोकळ्या हसल्या. म्हणाल्या, सकाळीच मला हे सांगितलं असतं तर मी दुसरं काही विचारलं असतं. बरोबर होतं त्यांचं. त्यांना कसं कळणार, मलाच कळलं नव्हतं. ऑपरेशन आज नको, त्यांनी सांगितलं, रोज फोटो काढून बघू. पुढच्या फोटोत रक्त कमी दिसलं, त्याच्या पुढच्यात आणखी कमी. जिरलं. वाफ्यातलं पाणी जिरतं तसं जिरलं.

दसऱ्याला आम्ही दवाखान्यातच होतो. झेंडू पोरानं आणि सुनेनं तोडला. मालक खाटेवर पडून पोराकरवी मळ्यात निरोप पाठवत होते की तोड उशिरा चाललीय. ती उशिरा चालली नव्हती. पण ते ऐकून मला जेवण गोड लागलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, उखाण्याचं पुढचं काय होतं हो? विचार करून म्हणाले, होतं काहीतरी चुलीचं. आक्काला विचारलं, तर तीही विसरली होती. तिनंच केलेला आणि तिलाच आठवेना. मग मी तो नाद सोडला.

पडल्याचं त्यांना कधीच आठवलं नाही. आपण पडलोच नाही, उतरलो, असंच शेवटपर्यंत सांगायचे. मग रस्त्यावर पालथे का झोपला होतात, असं पोरगा विचारायचा. दमलो असेन, म्हणायचे. नंतर ड्रायव्हरजवळ बसायला लागले, पण मान सगळी मागे वळवून. माझं नाव परत घेतलं नाही. मोबाईल आले तेव्हा पोरानं त्यांना एक घेऊन दिला. बाजारातून मला फोन करायचे आणि म्हणायचे, ऐकलं का, मी बोलतोय. मी विचारायची, कुठून? म्हणायचे, तुझ्याकडेच तोंड करून बोलतोय.

पुढे ते गेले तेव्हा घरी शोकसभा झाली. सोसायटीचे लोक आले, मार्केटचे आले. एकेकजण उठून बोलला. कष्टाळू होते, निर्व्यसनी होते, देवमाणूस होते. निर्व्यसनी ऐकून मी आक्काकडे बघितलं, कारण त्यांच्या तंबाखूची डबी तेव्हाही फळीवर होती. मी ऐकत बसले होते आणि मला कळेना की हे कोणाबद्दल बोलतायत. असा माणूस कोणाच्याही घरात असू शकतो. आमच्या घरात जो होता तो बहिणीशी बोलताना मावळतीकडे तोंड करायचा. त्याच्याबद्दल कोणी काही बोललं नाही. नातीनं मला म्हटलं, आजी, तू लिही. मी चौथीपर्यंत शिकलेली. म्हटलं, लिहिते, पण देवमाणूस मला लिहिता येणार नाही.

त्या दसऱ्यानंतर दवाखान्यातून आम्ही तिघं रिक्षानं घरी आलो. मालक मधे, आक्का एका बाजूला छत्री घेऊन, मी दुसऱ्या बाजूला. मालक त्यानंतर दहा-बारा वर्षं जगले. आक्का त्यांच्यापेक्षा जास्त. मी अजून आहे.